कोक्करे बेळ्ळूरचा झोळीवाला : गावाच्या आश्रयाने टिकलेला पाणपक्षी

बेंगळुरूहून म्हैसूरकडे जाताना सुमारे ८० किलोमीटरवर, मंड्या जिल्ह्यातील मद्दूर तालुक्यात शिंषा नदीजवळ कोक्करे बेळ्ळूर हे गाव आहे. दरवर्षी हिवाळ्याच्या प्रारंभी तेथील चिंच, वड, पिंपळ यांसारख्या झाडांवर ठिपकेदार चोचीचे झोळीवाले (पेलिकन) व त्यांच्यासोबत चित्रबलाक घरटी बांधतात. ही झाडे अंगणांत व घरांलगत उभी आहेत. या पक्ष्यांना गावकरी बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या लेकींप्रमाणे मानतात.

झोळीवाल्याची लांबी सव्वा ते दीड मीटर व वजन चार ते सहा किलो असते. वरच्या चोचीच्या कडेवरील निळसर ठिपके ही त्याची ओळख होय. खालच्या चोचीची कातडी पिशवी मासे साठविण्यासाठी नसून पकडण्यासाठी असते. पोहता पोहता पक्षी ती जाळ्याप्रमाणे पाण्यात बुडवितो, पाणी निथळू देतो आणि मासा गिळतो. तो खोल सूर मारत नसल्याने त्याला उथळ व मोकळे जलपृष्ठ लागते. जलपर्णीने झाकलेला तलाव त्याच्यासाठी निरुपयोगी ठरतो.

मादी तीन ते चार अंडी घालते. ती सुमारे महिनाभर उबविली जातात. त्यानंतर पिले काही महिने घरट्यावरच अवलंबून असतात. या काळात फांदी तोडली गेली किंवा तलाव आटला, तर संपूर्ण वीण वाया जाऊ शकते.

या सहवासाचा लाभ शेतीलाही होतो. शेतकरी झाडांखाली खड्डे घेऊन त्यांत पडणारी विष्ठा तलावाच्या गाळात मिसळतात व हे नत्र-स्फुरदयुक्त खत शेतात वापरतात. तथापि घरट्यांमुळे चिंचेच्या उत्पन्नात घट येते, म्हणून वनविभागाने झाडमालकांना भरपाई देण्याची पद्धत सुरू केली. २००७ साली हे क्षेत्र सामुदायिक राखीव म्हणून घोषित झाले.

धोका मात्र टळलेला नाही. २०१७-१८च्या हंगामात येथे अनेक झोळीवाले दगावले. तपासणीत त्यांच्या शरीरात परजीवी गोलकृमी आढळले. अशा कृमींचा प्रसार माशांमार्फत होतो. म्हणजेच गावातील झाडे सुरक्षित असली तरी, पक्षी ज्या तलावांत चरतात त्यांचे आरोग्य बिघडल्यास वसाहत संकटात येते.

महाराष्ट्रातही भिगवणजवळील भादलवाडी तलावात चित्रबलाकांची वीण होते. अशा गावांत विस्तार कार्यकर्त्यांनी पुढील बाबींवर भर द्यावा :

• घरटी असलेल्या झाडांची छाटणी व तोड पिले उडून जाईपर्यंत टाळावी.
• तलावाचा गाळ वीण संपल्यावरच काढावा व जलपर्णी वेळीच हटवावी.
• कीटकनाशकांचे डबे व फवारणी पंप तलावात धुऊ नयेत.
• मृत पक्षी उघड्या हातांनी न हाताळता वन व पशुसंवर्धन विभागास त्वरित कळवावे.

चिंचेचे झाड वाढण्यास दशके लागतात, ते तोडण्यास एक दिवस पुरतो. म्हणून वसाहतीचे भवितव्य अखेरीस झाडमालकाच्या निर्णयावर अवलंबून आहे आणि त्याला वेळेवर मिळणारी भरपाई हा संवर्धनाचाच भाग आहे.