तारण एका पत्राचे

बँकेच्या नोकरीत माझी हयात अर्जांच्या गठ्ठ्यांत गेली. अर्ज हाती आला की नजर आधी कुठे जाते, ते मला पक्के ठाऊक आहे. उत्पन्न किती, जामीन कोण, तारण काय? म्हणूनच १६ जानेवारी १९१३ या तारखेचे, मद्रासहून केंब्रिजला गेलेले एक पत्र मला गणिताचा गंध नसतानाही थक्क करते.

पत्रलेखक श्रीनिवास रामानुजन. आपण मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात कारकून असून पगार सालीना अवघा २० पौंड आहे, हे ते पहिल्याच वाक्यात सांगून टाकतात. पौंडाला १५ रुपये या तेव्हाच्या दराने महिन्याचे २५ रुपये झाले. पदवी नाही. सोबत सूत्रांनी भरलेली पाने, पण सिद्धता जोडलेल्या नाहीत. आमच्या भाषेत विनातारण प्रकरण!

आधी दोघा गणितज्ञांकडून निराशाच पदरी आली होती, असे सी. पी. स्नो यांनी लिहून ठेवले आहे. त्यांना दोष तरी कसा द्यावा? नामवंतांच्या टेबलावर अशी पत्रे येतच असतात. जी. एच. हार्डी मात्र सहकारी लिटलवुड यांच्यासह ती सूत्रे तपासत बसले आणि ८ फेब्रुवारीला त्यांनी उत्तर धाडले. सिद्धता पाहायला हव्यात, असे त्यात होते.

रामानुजन यांचे २७ फेब्रुवारीचे उलट उत्तर वाचताना जीव गलबलतो. आपण अर्धपोटी आहोत, डोके शाबूत ठेवायचे तर आधी अन्न हवे, आणि आपल्या सहानुभूतीच्या चार ओळी इथे शिष्यवृत्ती मिळवायला उपयोगी पडतील, असे ते लिहितात. त्याच सुमारास हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनीही शब्द टाकला. मद्रास विद्यापीठाने महिना ७५ रुपये मंजूर केले. पगाराच्या तिप्पट! केंब्रिजचे पत्र तारण म्हणून चालले.

१९१४ साली रामानुजन केंब्रिजला गेले, १९१९ साली आजारी होऊन परतले. १२ जानेवारी १९२० रोजी त्यांनी हार्डींना शेवटचे पत्र लिहिले. इतके दिवस पत्र न लिहिल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि नुकत्याच गवसलेल्या ‘मॉक थीटा’ फलनांची हकीकत कळवली. २६ एप्रिलला, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी, ते गेले. त्या फलनांचे मर्म उलगडायला सांडर झ्वेगर्स यांच्या २००२ सालच्या प्रबंधाची वाट पाहावी लागली.

हार्डींनी खर्च केले ते काय? काही तास आणि टपालहशील. आपल्याही टेबलावर अनोळखी अक्षरातले एखादे पाकीट पडून असेल, तर वाचकहो, ते आज रविवारी उघडायला हरकत नाही.