पाणबुडीचा श्वास अंबरनाथचा

पाकिस्तानच्या अगोस्टा-९०बी पाणबुड्यांना जास्त काळ पाण्याखाली ठेवणारी ‘मेस्मा’ यंत्रणा फ्रान्सची. भारताच्या सहा स्कॉर्पीन पाणबुड्यांचा २००५चा करारही फ्रान्सशीच. मैत्री अशीही असते!

भारताने मात्र अशी यंत्रणा स्वतः घडवायची ठरवली, आणि काम आले अंबरनाथकडे. तिथल्या डीआरडीओच्या नौदल साहित्य प्रयोगशाळेने (एनएमआरएल) फॉस्फोरिक आम्लाचे इंधनघट बनवले. त्यांना लागणारा हायड्रोजन पाणबुडीतच तयार होतो. साठवण्याची जोखीम टळते. जमिनीवरची महत्त्वाची चाचणी मार्च २०२१मध्ये यशस्वी झाली.

त्याआधीच पाकिस्तानने चीनकडून आठ हँगोर पाणबुड्या घ्यायचे ठरवले होते. ३० डिसेंबर २०२४ रोजी भारताच्या संरक्षण मंत्रालयाने अंबरनाथच्या यंत्रणेसाठी माझगाव डॉकशी सुमारे १,९९० कोटी रुपयांचा करार केला.