कुत्र्याचे पिलू : आरोग्य व पशुवैद्यकीय तपासणी

घरी नव्याने आणलेल्या कुत्र्याच्या पिलाची पहिली तपासणी, जंतनिर्मूलन, लसीकरण आणि पहिल्या काही आठवड्यांतील देखरेख यांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. जन्मापासून सु. चार महिन्यांपर्यंतचा काळ पिलाच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचा असतो. पिलापासून माणसाला होऊ शकणारे काही रोगही याच काळात घरात येतात, म्हणून ही तपासणी केवळ पिलाच्या हिताची नसते.

शहरात विकत घेतलेले पिलू आणि खेड्यात उचलून आणलेले पिलू यांच्या बाबतीतील प्रश्न थोडे वेगळे असतात. आलापल्ली (ता. अहेरी, जि. गडचिरोली) हे सागवानासाठी प्रसिद्ध असलेल्या वनप्रदेशातील गाव याचे चांगले उदाहरण होय. अशा भागात पिलू सहसा गावातील किंवा शेजारच्या टोल्यावरील कुत्री व्याली की आणले जाते. त्याच्या आईला लस टोचलेली नसते, जन्मतारीख कोणाला ठाऊक नसते आणि पुष्कळदा तीन-चार आठवड्यांचे असतानाच ते आईपासून तोडलेले असते. वास्तविक आठ आठवडे पुरे होईपर्यंत पिलू आईजवळ राहावे. श्वानपैदाशीसंबंधीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनीही त्याआधी पिलाच्या विक्रीस मनाई केली आहे. नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय (स्थापना १९५८) येथून अडीचशे किमी.हून दूर असल्याने बहुतेक निर्णय जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातच व्हावे लागतात.

पहिली तपासणी : पिलू आणल्यापासून दोन-तीन दिवसांत ती करून घ्यावी. पशुवैद्य प्रथम वजन करतो व दातांवरून वयाचा अंदाज घेतो. दुधाचे दात तिसऱ्या आठवड्यापासून येऊ लागतात, दोन महिन्यांच्या सुमारास त्यांची संख्या २८ होते आणि चौथ्या महिन्याच्या आसपास पुढचे कायमचे दात दिसू लागतात. वय कळल्याखेरीज लसीचा दिवस ठरत नाही, म्हणून ही साधी वाटणारी पाहणी महत्त्वाची असते. गुदद्वारातील तापमान सामान्यतः ३८·३° ते ३९·२° से. असते. हिरड्या गुलाबी असाव्यात. त्या फिकट असल्यास जंत किंवा गोचिडांमुळे झालेल्या रक्तक्षयाचा संशय घ्यावा. त्याशिवाय हृदयाचे ठोके, बेंबीजवळचा अंतर्गळ, टाळूतील फट, कानातील मळ व त्वचेवरील खरूज पाहिली जाते. पिलाची विष्ठा डबीत घालून सोबत नेल्यास सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी ओळखता येतात. माणसासाठीच्या तापाच्या व वेदनाशामक गोळ्या पिलाला देऊ नयेत. त्यांतील काही कुत्र्याला विषारी ठरतात.

जंत : पिलू जन्मतःच जंतबाधित असू शकते. गोलकृमीच्या अळ्या गर्भाशयातूनच पिलात शिरतात, तर अंकुशकृमीच्या अळ्या आईच्या दुधातून येतात. पोट नगाऱ्यासारखे फुगलेले पण बरगड्या दिसत असलेले पिलू चांगले खाऊनपिऊन आहे, असा समज होतो. बहुधा ते जंतांचे लक्षण असते. जंतनाशक औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला दोन-तीन महिन्यांपर्यंत व नंतर सहा महिन्यांपर्यंत दरमहा द्यावे. मात्रा वजनावर ठरते. अंगणातील माती गोलकृमीच्या अंड्यांनी दूषित होते व मातीत खेळणाऱ्या मुलांच्या पोटात ती गेल्यास अळ्या यकृतात, क्वचित डोळ्यातही पोहोचतात. म्हणून पिलाची विष्ठा रोज उचलून पुरून टाकावी.

लसीकरण : पिलाला पुनःपुन्हा लस का टोचावी लागते, असा प्रश्न नेहमी विचारला जातो व एका मात्रेनंतर पुष्कळजण थांबतात. याचे उत्तर आईच्या पहिल्या दुधात आहे. चिकातून मिळालेली प्रतिपिंडे पिलाचे काही आठवडे रक्षण करतात, पण तीच प्रतिपिंडे लसही निष्प्रभ करतात. त्यांचे प्रमाण घटत जाते तेव्हा मधे असा काळ येतो की, ती रोग रोखण्यास अपुरी असतात, परंतु लस निकामी करण्यास पुरेशी असतात. हा काळ प्रत्येक पिलात वेगळा असल्याने सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पुरे होईपर्यंत मात्रा देतात. शेवटची मात्रा चुकल्यास आधीच्या सर्व मात्रा व्यर्थ ठरण्याचा संभव असतो. लस २° ते ८° से. तापमानात राहिली पाहिजे. दूरच्या गावी ती नेताना बर्फ घातलेल्या थर्मासातून न्यावी; उन्हात मोटारसायकलीच्या डिकीतून आलेली लस टोचण्यात अर्थ नाही.

या संयुक्त लशीने टळणाऱ्या रोगांपैकी दोन विशेष घातक आहेत. पार्व्हो व्हायरसाचा रोग १९७८ मध्ये प्रथम ओळखला गेला व दोन वर्षांत जगभर पसरला. त्यात उलट्या व रक्तमिश्रित दुर्गंधीयुक्त हगवण होऊन पिलू एकदोन दिवसांत कोरडे पडते. औषधापेक्षा शिरेतून दिलेले द्रवच त्याला वाचवतात. हा व्हायरस मातीत अनेक महिने टिकतो. ज्या घरी पिलू याने दगावले तेथे लगेच दुसरे आणू नये. डिस्टेंपरमध्ये ताप, डोळ्यानाकातून स्राव व खोकला होतो, तळपाय कठीण होतात आणि पुढे झटके येतात. तो व्हायरसामुळे होतो हे आंरी कारे यांनी १९०५ मध्ये दाखविले. पावसाळ्यात उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरा जंतूंच्या रोगाची लसही भातशेतीच्या या प्रदेशात घ्यावी. तो माणसालाही होतो.

अलर्क रोग : (पिसाळ रोग). याची लस पिलाला तीन महिने पुरे झाल्यावर टोचतात व एका वर्षाने, तदनंतर दरवर्षी ती पुन्हा देतात. ‘एवढेसे पिलू चावले तर काय होते’ हा समज प्राणघातक आहे. आईला किंवा पिलाला पिसाळलेला कुत्रा वा कोल्हा चावला असेल, तर तीन महिन्यांच्या आतील पिलूही पिसाळू शकते. आणि नेमक्या याच वयात ते मुलांच्या बोटांशी खेळताना दात लावते. लक्षणे दिसण्यापूर्वी काही दिवस लाळेत व्हायरस असतो. अशा वेळी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट लावू नये. त्याच दिवशी रुग्णालयात जावे. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतील या भीतीने अजूनही काहीजण टाळाटाळ करतात. ती डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये कसौली येथे तयार केलेली, मेंढीच्या मेंदूपासूनची लस होती व तिचा वापर भारतात २००५ पर्यंत बंद झाला. आजची लस दंडात, थोड्याच मात्रांत देतात. लक्षणे उमटल्यावर मात्र या रोगावर उपाय नाही.

गोचीड : तपकिरी गोचिडांपासून बॅबेसिया व एर्लिखिया या सूक्ष्मजीवांचे रोग होतात, ताप, फिकट हिरड्या, गडद लघवी ही लक्षणे आढळतात. गुरांवरील गोचीडनाशक पातळ करून पिलाला चोळण्याची प्रथा घातक आहे. अशा विषबाधेने पिले दगावतात.

वन्य प्राण्यांशी संबंध : आलापल्लीच्या आसपासच्या जंगलांत बिबळे, रानकुत्रे, कोल्हे व अलीकडच्या वर्षांत वाढत्या संख्येने वाघ आहेत. गावातील कुत्र्यांचा डिस्टेंपर त्यांना होऊ शकतो. टांझानियातील सेरेंगेटीमध्ये १९९४ साली या रोगाने सु. एक-तृतीयांश सिंह मेले. त्याचा माग भोवतालच्या गावांतील कुत्र्यांपर्यंत लागला. गीरमध्ये सप्टेंबर २०१८ च्या सुमारास २३ सिंह दगावले, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने त्यांच्यात हाच व्हायरस असल्याचे दाखविले. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या माळरानावर झालेल्या अभ्यासात गावकुत्र्यांपैकी बहुतेकांच्या रक्तात डिस्टेंपर व पार्व्होची प्रतिपिंडे आढळली, म्हणजे हे रोग तेथे कायम फिरत होते. म्हणून सर्व मात्रा पुऱ्या होईपर्यंत पिलाला जंगलात नेऊ नये आणि मेलेले पिलू नाल्यात वा रानात न टाकता चुना घालून खोल पुरावे. रात्री पिलाला अंगणात बांधू नये. कुत्रा हे बिबळ्याचे नेहमीचे भक्ष्य असल्याने तो त्याच्यासाठी थेट घरापर्यंत येतो.