मानसिक आरोग्य कार्यकर्त्यांचे निरंतर प्रशिक्षण

मानसिक आजार म्हटला की आपल्या राज्यात अनेक दशके ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथील मनोरुग्णालयांची नावेच लोकांच्या डोळ्यांपुढे येत असत. रुग्ण फारच अनावर झाला की त्याला तेथे पोहोचवायचे, तोपर्यंत देवऋषी आणि गंडेदोरे, अशी रीत होती. आज मनोरुग्णाची पहिली गाठ पडते ती गावातील आशा स्वयंसेविकेशी, उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्याशी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याशी. यांपैकी कोणीही मनोविकारतज्ज्ञ नसतो. त्यांना जे काही येते ते प्रशिक्षणातूनच आलेले असते. म्हणून हे प्रशिक्षण किती टिकते, हा प्रश्न आरोग्य खात्यापुरता मर्यादित राहत नाही.

या कार्यकर्त्यांवाचून गत्यंतर का नाही, हे थोड्या आकड्यांवरून दिसेल. २०१५-१६ साली १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झाले. (महाराष्ट्राचा त्यात समावेश नव्हता.) प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के व्यक्तींना पाहणीच्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता आणि विकारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते, असे त्यात आढळले. देशात दर लाख लोकसंख्येमागे एकसुद्धा मनोविकारतज्ज्ञ पडत नाही. दुसरीकडे २०२२ या एका वर्षात देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातील होत्या आणि ही संख्या सर्व राज्यांत अधिक होती.

पन्नास वर्षांचा अनुभव

मानसिक आरोग्याची प्राथमिक कामे तज्ज्ञ नसलेल्यांना शिकविता येतात, हे आपल्या देशात फार पूर्वीच दिसून आले. १९७५ च्या सुमारास चंडीगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेने हरियाणातील रायपूर राणी येथे आणि बंगलोरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेने, म्हणजेच निमहान्सने, जवळच्या सकलवारा येथे ग्रामीण आरोग्य कर्मचाऱ्यांना या कामात घेतले. छिन्नमनस्कता, अपस्मार, तीव्र नैराश्य यांची ठळक लक्षणे ओळखणे, औषधे नियमित घेतली जातात की नाही ते पाहणे, कुटुंबाला धीर देणे ही कामे त्यांना जमू लागली. याच पायावर १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम उभा राहिला. कर्नाटकातील बेल्लारी जिल्ह्यात तो जिल्हा पातळीवर राबवून पाहण्यात आला आणि १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम टप्प्याटप्प्याने देशभर विस्तारत गेला.

या साऱ्या प्रवासात किती जणांना प्रशिक्षण दिले याची गणना होत राहिली. प्रशिक्षणानंतर त्यांचे काय झाले, याकडे मात्र तितके लक्ष गेले नाही. वैद्यकीय अधिकाऱ्याची बदली होते, नव्याने आलेला अधिकारी अप्रशिक्षित असतो. आशा स्वयंसेविकेला शिबिरात मिळालेली पुस्तिका लसीकरण, प्रसूती, क्षयरोग यांच्या नोंदवह्यांखाली जाते. सहा महिने एकही मनोरुग्ण समोर आला नाही तर शिकलेले पुसट होणे स्वाभाविकच आहे.

यातील सर्वांत अवघड कौशल्य कोणते, असे विचारले तर ते आत्महत्येविषयी उघड प्रश्न विचारण्याचे होय. कर्जाने व पिकाच्या नुकसानीने खचलेला शेतकरी ओसरीवर बसलेला आहे. तो जेवत नाही, रात्र रात्र जागतो, कोणाशी बोलत नाही. अशा वेळी ‘जिवाचे काही बरेवाईट करावे असे मनात येते का?’ हे त्याला विचारावेच लागते. असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल, अशी भीती सर्वत्र आढळते. ती निराधार आहे. विचारपूस केल्याने मनुष्य बहुधा मोकळा होतो. त्यापुढेही काही विचारायचे असते. घरात कीटकनाशक कोठे ठेवले आहे? ते कुलपात किंवा दुसऱ्या कोणाच्या ताब्यात देता येईल का? आज रात्री सोबतीला कोण आहे? शिबिरात हे सर्व फळ्यावर लिहून दिले जाते, कार्यकर्ती ते वहीत उतरवूनही घेते. परंतु ओळखीच्या माणसासमोर, ज्याच्या घरी आपण हळदीकुंकवाला जातो त्याच्यासमोर, तो प्रश्न तोंडातून बाहेर पडत नाही. तो बाहेर पडण्यासाठी सराव लागतो, आणि पहिल्या दोन-चार प्रसंगांनंतर ‘तू काय विचारलेस, त्याने काय सांगितले’ असे आस्थेने ऐकून घेणारा कोणीतरी लागतो.

गोव्यात काय केले गेले

या दृष्टीने गोव्यातील काम पाहण्यासारखे आहे. तेथील ‘मानस’ या प्रयोगाचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. आरोग्याचे पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक व्यक्तींना समुपदेशनाचे प्रशिक्षण देऊन त्यांना प्राथमिक उपचार केंद्रांत डॉक्टरांच्या जोडीला बसविण्यात आले. शासकीय केंद्रांत नैराश्य व चिंताविकाराचे जे रुग्ण या पद्धतीने हाताळले गेले, त्यांपैकी ६५.९ टक्के सहा महिन्यांत बरे झाले. नेहमीच्या पद्धतीच्या केंद्रांत हे प्रमाण ४२.५ टक्के होते. पुढे तीव्र नैराश्यासाठी सहा ते आठ भेटींचा एक उपचारक्रम तयार झाला. २०१६ अखेर प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांतही असाच लाभ दिसला.

लोक या आकड्यांकडे पाहतात. पण त्यामागील व्यवस्था अधिक शिकण्याजोगी आहे. रुग्णाच्या संमतीने समुपदेशनाच्या बैठकी ध्वनिमुद्रित केल्या जात. समुपदेशक ठरावीक दिवशी एकत्र बसून एखादे मुद्रण ऐकत आणि प्रत्येक जण ठरलेल्या मोजपट्टीवर गुण देई. रुग्णाचे बोलणे मध्येच तोडले का? उपदेश अधिक झाला आणि ऐकणे कमी झाले का? ठरलेला गृहपाठ विचारला का? मग त्यावर चर्चा होई. प्रारंभी तज्ज्ञही सोबत असत. कालांतराने सहकाऱ्यांनी दिलेले गुण व तज्ज्ञांचे गुण यांत पुरेसा मेळ दिसू लागला आणि गटाचे नेतृत्व समुपदेशकांकडेच आले. तज्ज्ञांची संख्या अपुरी आहे म्हणून देखरेख अशक्य आहे, ही नेहमीची सबब या अनुभवापुढे टिकत नाही.

महाराष्ट्रात विदर्भातील ‘विश्राम’ प्रकल्पाने अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत गावपातळीवरील कार्यकर्त्यांमार्फत काम केले. नैराश्यग्रस्तांपैकी उपचारासाठी पुढे येणाऱ्यांचे प्रमाण तेथे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. चारांतील तीन तरीही बाहेरच राहिले, हेही लक्षात घेतले पाहिजे.

कायदा बदलला, तेव्हा पाठही बदलावा लागतो

जुने शिक्षण केवळ विसरले जाते असे नाही, काही वेळा ते चुकीचेही ठरते. १९८७ च्या कायद्याच्या जागी मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ आला व २०१८ मध्ये तो अमलात आला. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच, अन्यथा सिद्ध न झाल्यास, आता धरले जाते. तिच्यावर उपचार व तिचे पुनर्वसन हे शासनाचे कर्तव्य ठरविण्यात आले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुन्या दंडसंहितेचे ३०९ कलम नाही. लोकसेवकाला कर्तव्यापासून रोखण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला आहे. तरीही ‘पोलीस केस होईल’ या धास्तीने विष घेतलेल्या माणसाची खरी हकिगत रुग्णालयात लपविली जाते, आणि दहा-पंधरा वर्षांपूर्वी शिकलेला कर्मचारी त्या भीतीला दुजोराच देतो.

रुग्णाला साखळीने बांधण्यास नव्या कायद्याने कोणत्याही स्वरूपात मनाई आहे. २००१ मध्ये तामिळनाडूतील एरवाडी येथे आग लागली, तेव्हा साखळदंडात जखडलेले २८ मनोरुग्ण होरपळून मेले. गोठ्यात किंवा मागच्या खोलीत बांधून ठेवलेला रुग्ण गावात असेल, तर त्याची माहिती प्रथम ग्रामपंचायत सदस्याला आणि आशा स्वयंसेविकेला असते. तो दोर कोणाच्या मदतीने व कोणत्या क्रमाने सोडवायचा, हेही शिकविण्याचेच काम आहे. कुटुंबाला दोष देऊन ते होत नाही.

याच अधिनियमाने शासकीय आरोग्य संस्थांतील व कारागृहांतील सर्व वैद्यकीय अधिकाऱ्यांना मानसिक आरोग्याच्या मूलभूत व तातडीच्या सेवांचे प्रशिक्षण देणे शासनावर बंधनकारक केले आहे.

बंधन कोणावर, सोय कोणाची

राज्यातील डॉक्टरांना वैद्यक परिषदेकडील नोंदणी पाच वर्षांनी नूतन करताना निरंतर शिक्षणाचे श्रेयांक दाखवावे लागतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांना भारतीय पुनर्वसन परिषदेची अशीच अट आहे. संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी २०२१ मध्ये झालेल्या कायद्यात समुपदेशकांसारख्या वर्तनविषयक आरोग्य व्यावसायिकांचाही अंतर्भाव झाला आहे. म्हणजे जसजसे गावाजवळ यावे तसतसे हे बंधन सैल होते. ज्या कार्यकर्तीला रुग्ण सर्वांत आधी भेटतो, तिच्यासाठी निरंतर शिक्षणाची हक्काची वेळ ठरलेली नसते.

साधने नाहीत असे मात्र म्हणता येणार नाही. २०१८ पासून बंगलोर, रांची व तेजपूर येथील केंद्रीय संस्थांच्या डिजिटल अकादमी दूरस्थ अभ्यासक्रम चालवितात. निमहान्सच्या जाळ्यात दूरवरचे कर्मचारी आपापल्या रुग्णांची माहिती, नाव वगळून, तज्ज्ञांपुढे मांडतात व सर्व मिळून तिची चर्चा करतात. व्याख्यानापेक्षा ही दुसरी रीत अधिक उपयोगी वाटते, कारण तीत प्रश्न कार्यकर्त्याचा असतो.

प्राथमिक आरोग्य केंद्रातील आशांच्या मासिक बैठकीत अर्धा तास अशा एखाद्या रुग्णाच्या चर्चेसाठी राखून ठेवता येईल. गटप्रवर्तकांनी त्याचे संचालन करावे आणि जिल्हा पथकातील मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्त्याने दर तीन महिन्यांनी उपस्थित राहावे. यासाठी नव्या इमारतीची वा नव्या पदाची आवश्यकता नाही. आकडे भरण्यातच बैठक संपते, ही तक्रार खरी आहे. त्यामुळे ही वेळ तालुका आरोग्य अधिकाऱ्याने लेखी ठरवून दिली तरच टिकेल. आत्महत्येची घटना हाताळलेल्या कार्यकर्तीला स्वतःचे मन मोकळे करण्यासही तीच जागा मिळेल. सध्या ती हे ओझे एकटीच वाहते.

शिक्षकांनाही या चर्चेला अधूनमधून बोलवावे. वर्गात अचानक गप्प झालेला, शाळा चुकवू लागलेला मुलगा त्यांनाच प्रथम दिसतो. ग्राम आरोग्य समितीच्या बैठकीत ग्रामपंचायत सदस्यांनी ‘आपल्या आशाताईंचा या विषयाचा शेवटचा उजळणी वर्ग केव्हा झाला?’ एवढे विचारून त्याची नोंद इतिवृत्तात घ्यावी. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेलिमानस’ सेवेचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १४४१६ ग्रामपंचायतीच्या, शाळेच्या व कृषी सेवा केंद्राच्या दर्शनी भिंतीवर रंगवून घेण्यास पंचायतीला फारसा खर्च येणार नाही. रात्रीअपरात्री अडलेली कार्यकर्तीही त्याच क्रमांकावर सल्ला घेऊ शकते.