सार्जंटची श्रीमंत माणसं

जो पैसे मोजतो त्याला चित्रकार खरा कसा दाखवील, ही शंका रास्त आहे. जॉन सिंगर सार्जंटच्या (१८५६–१९२५) वाट्याला ती पुरेपूर आली. फ्लॉरेन्समध्ये अमेरिकन आईबापांच्या पोटी जन्मलेला हा माणूस पॅरिसला शिकला आणि पुढे लंडनच्या उमरावांचा, धनिकांचा लाडका व्यक्तिचित्रकार झाला. तरी त्याला तोंडपुजा म्हणणं मला मुळीच पटत नाही. ‘मादाम एक्स’ हे एका स्त्रीचं चित्र पाहा. १८८४ साली पॅरिसच्या ‘सलों’ या कलाप्रदर्शनात ते लागलं आणि गहजब झाला. काळ्या पोशाखाची खांद्यावरून ओघळलेली पट्टी लोकांना खुपली. सार्जंटने पुढे ती वर चढवली. पण बघण्यासारखा आहे तो कान. पावडरीने निळसर-पांढऱ्या झालेल्या कातडीत तेवढा कानच लालसर, जिवंत. रूप राखण्यामागची त्या बाईची सारी मेहनत त्या एका रंगाने उघडी पडते. खुशामत करायची असती, तर सार्जंटने आधी तो कान पांढरा केला असता.

हे चित्र कुणी सांगून काढून घेतलेलं नव्हतं, असं कुणी म्हणेल. मग ॲशर वर्थायमर या कलाव्यापाऱ्याचं १८९८चं चित्र घ्या. ते रीतसर मागणीचं. हातात सिगार, शेजारी जीभ काढलेला काळा कुत्रा, नजरेत सौदा पारखणाऱ्याची मिश्कील धार. काहींना यात ज्यू माणसाची टवाळी दिसली. पण वर्थायमरने सार्जंटकडून घरच्या मंडळींची मिळून बारा चित्रं करून घेतली. टवाळी करणाऱ्याच्या हाती कोणी आपलं सगळं कुटुंब सोपवत नाही.

रॉजर फ्रायसारख्या समीक्षकाचा आक्षेप अधिक जड आहे: हात सफाईदार, पण कला वरवरची. ती सफाई आली कुठून? सार्जंट कॅनव्हास माणसाच्या शेजारी उभा करी, मागे जाऊन दोन्ही एकत्र न्याहाळी, मग पुढे येऊन कुंचला टेकवी. चेहरा साधला नाही, तर सगळा खरवडून पुन्हा आरंभ. वरवरच्या गुळगुळीतपणावर जो समाधानी असतो, तो इतकं खरवडत नाही. १९०७च्या सुमारास, मागणी भरात असताना, त्याने व्यक्तिचित्रांचं काम जवळपास बंद केलं. आणि १९१९च्या ‘गॅस्ड’मध्ये, सहा मीटर लांब कॅनव्हासवर, विषारी वायूने दृष्टी हिरावलेल्या सैनिकांची रांग त्याने उभी केली. त्यातला एक जण पायरीच्या अंदाजाने पाय नको तितका उंच उचलतो. डोळ्यांवर पट्ट्या, अंगावर एकसारखे गणवेश. तरी त्या एका पायातून माणूस कळतो. दिवाणखान्यात बसलेल्यांची देहबोली वर्षानुवर्षं वाचत आलेल्या नजरेचंच हे काम आहे.