आधी विचारलं, मग बांधलं

गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याने निघालं की साधारण 17 किलोमीटरवर चातगावजवळ शोधग्राम लागतं. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी 1986 मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. तिचा दवाखाना इथे आहे. नाव ‘माँ दंतेश्वरी दवाखाना’. दंतेश्वरी ही इथल्या आदिवासींची देवी.

दवाखाना बांधण्याआधी बंग दांपत्याने गावकऱ्यांनाच विचारलं, की तुम्ही इस्पितळात का येत नाही? उत्तरं ऐकून कुणीही चपापावं. मोठ्या इमारतीत आम्ही हरवतो. डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यांत असतात आणि आम्ही तर मढं पांढऱ्यात गुंडाळतो. शिवाय आमच्या माणसाला आत नेऊन आम्हाला बाहेर काढतात. मग दवाखाना उभा राहिला तो आदिवासी पाड्यासारखा. झोपड्यांच्या वळणाची घरं, आणि रोग्यासोबत त्याच्या नातेवाइकांनाही राहायला जागा.

शस्त्रक्रियेच्या बाबतीत या भीतीची किंमत फार मोठी असते. हर्नियाचंच घ्या. पोटाच्या भिंतीतल्या कच्च्या जागेतून आतडं बाहेर डोकावतं. सुरुवातीला फारसं दुखत नाही. झोपलं की गाठ आत जाते. माणूस कमरेला फडकं आवळून मोळी वाहत राहतो. मग एखाद्या दिवशी आतडं तिथेच अडकतं, त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत ते सडू लागतं. वेळेवर आला असता तर नेहमीच्या, ठरवून केलेल्या ऑपरेशनने काम भागलं असतं. जाळी बसवून टाके घातले की झालं. पावसाळ्यात नाला भरलेला असताना तोच माणूस खाटेवरून आणावा लागतो, तेव्हा जिवावर बेतलेलं असतं. त्याला वेळेवर दारात आणणारा विश्वास हा माझ्या मते शस्त्रक्रियेचाच भाग आहे. तो सर्जनच्या हातातल्या कौशल्यापेक्षा तसूभरही कमी नाही.

शोधग्राममध्ये बाहेरच्या शहरांतले तज्ज्ञ येऊन शस्त्रक्रिया शिबिरं घेतात. मुंबईच्या सर्जननी मणक्याच्या शस्त्रक्रियाही इथे केल्या आहेत. पण शिबिराचा कस सर्जन परत गेल्यावर लागतो. रात्री ताप चढला, टाक्यातून पू आला, तर बघणार कोण? वर्षभर उघडा असणारा, मुक्कामी डॉक्टर-परिचारिका असलेला दवाखाना पाठीशी नसेल, तर शिबिर घेऊच नये असं मला ठामपणे वाटतं.

संमतीचंही तेच. कागदावर अंगठा उमटला म्हणजे संमती मिळाली असं नव्हे. कुठे कापणार, भूल कशी देणार, आदल्या रात्रीपासून उपाशी का ठेवणार, हे गोंडीत किंवा माडियात, सोबत आलेल्या माणसांसमोर सांगायला हवं. आणि ऑपरेशननंतर काही आठवडे ओझं उचलायचं नाही असं बजावणाऱ्याने आधी हेही विचारावं, की मोहफुलं वेचायची आहेत का, तेंदूपत्त्याचा हंगाम कधी आहे, पेरणीला घरात दुसरे हात आहेत का. तारीख त्यानंतर ठरवावी.