हिशेबापलीकडची कृपा

मलकपेठेहून दिलसुखनगरकडे निघाले की वाटेत मुसारामबाग लागते. आता मेट्रोच्या एका स्थानकासही तेच नाव मिळाले आहे. हा मुसाराम कोण, असे आपल्या घरातील मुलांस विचारले तर बहुधा एखाद्या साधुपुरुषाची कल्पना त्यांच्या मनात येईल. वस्तुतः हा होता फ्रेंच सेनानी रेमाँ. फ्रेंच भाषेतील ‘मस्यू’ या आदरार्थी संबोधनाचे लोकांच्या जिभेवर ‘मुसा’ झाले आणि रेमाँचे राम झाले. मुसलमान बांधवांनी त्यालाच मुसा रहीम म्हटले. १७९५ साली खर्ड्याच्या रणात मराठी फौजांसमोर निजामाच्या बाजूने जी कवायती पलटणे उभी होती, त्यांचा हा नायक. १७९८ च्या मार्चमध्ये तो निवर्तला. टेकडीवर त्याच्या समाधीचा दगडी स्तंभ आजही उभा आहे. निजामी अमदानीत त्याच्या स्मृतिदिनी तेथे लोक जमत, दिवे लावीत, ऊद जाळीत.

येथे आलेल्या माणसांनी या सेनानीच्या पापपुण्याची वही कधी तपासली नसेल. आपले पुण्य तोलून पाहूनही कोणी टेकडी चढला नसेल. कोठेतरी दया आहे आणि आपल्या अपात्रतेवरही ती मात करील, ही माणसाची फार जुनी आशा आहे. ज्या धर्मात रेमाँ जन्मला, त्या धर्माने ही आशाच आपल्या श्रद्धेच्या गाभ्याशी ठेवली आहे. आम्ही ख्रिस्ती नव्हे. आमचे बालपण हरिपाठाच्या सुरात गेले. तरीही शेजारधर्माची ही शिकवण नीट समजून घ्यावी, असे आम्हांस फार दिवस वाटत आले आहे. त्याचे एक कारण आमच्या व्यवसायातही आहे.

शिक्षकाचे सारे आयुष्य हिशेबात जाते. उत्तर लिहिले तर गुण, न लिहिले तर शून्य. जो वर्षभर अभ्यास करतो त्यास पहिला क्रमांक द्यावा आणि जो हुंदडतो त्यास मागे ठेवावे, हाच आमचा न्याय. अशा माणसाने मत्तयाच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा दाखला वाचला की तो प्रथम चमकतोच. मळ्याचा धनी पहाटे काही मजूर कामास लावतो, काही दुपारी, आणि काही तर दिवस मावळण्यास तासभर उरला असता. संध्याकाळी मजुरी वाटताना तो सर्वांच्या हातावर पूर्ण दिवसाचे सारखेच नाणे ठेवतो. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात. धनी त्यांस एवढेच विचारतो की, ठरलेले तुम्हांस मिळाले ना? मग माझ्या औदार्याचा तुम्हांस त्रास का व्हावा?

या धन्याच्या वागणुकीत ख्रिस्ती तारणकल्पनेचे बीज आहे. ईश्वराच्या दारी माणूस आपल्या कमाईच्या बळावर उभा राहू शकत नाही; तो उभा राहतो त्याच्या कृपेने. संत पौलाने आपल्या पत्रांतून हेच पुन्हा पुन्हा सांगितले. लूकाच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राची कथा तर सर्वश्रुत आहे. वारसा उधळून, डुकरे राखण्याची पाळी आलेला मुलगा घरी परततो. क्षमेची वाक्ये त्याने वाटेत जुळवून ठेवलेली असतात. पण ती पुरी होण्यापूर्वीच, त्यास दुरून पाहून, म्हातारा बाप धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडलेला असतो. थोरला भाऊ मात्र अंगणात रुसून उभा राहतो, कारण त्याने कधी आज्ञा मोडलेली नसते. आम्हां शिक्षकांस या थोरल्या भावाची बाजू फार लवकर पटते, आणि कथेचा खरा रोख आहे तोही आमच्यासारख्यांवरच!

येथे कोणी विचारील की, क्षमा जर अशी फुकट मिळू लागली तर नीतीचे काय होणार? प्रश्न रास्त आहे आणि ख्रिस्ती विचारवंतांनी तो टाळलेला नाही. त्यांच्या मते ही क्षमा स्वस्त नव्हे. माणसाच्या पापाचे मोल ख्रिस्ताने वधस्तंभावर स्वतः भरले. म्हणून न्यायही राहिला आणि दयाही राहिली. त्याच्या पुनरुत्थानात मृत्यू पराभूत झाला, हा त्यांच्या आशेचा आधार. कृपा स्वीकारायची तर पश्चात्ताप हवा, आणि ज्यास ती लाभली त्याचे आचरण पालटल्यावाचून राहत नाही. श्रद्धा आणि सत्कर्म यांच्या नात्यावरून मार्टिन ल्यूथरच्या काळी, सोळाव्या शतकात, पाश्चात्त्य ख्रिस्ती जग दुभंगले. १९९९ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग नगरात कॅथलिक आणि ल्यूथरपंथीय प्रतिनिधींनी या मुद्द्यावर एक संयुक्त निवेदन स्वाक्षरित केले. तारण कृपेनेच लाभते आणि सत्कर्म हे तिचे फळ असते, हा त्याचा आशय. जवळजवळ पाचशे वर्षांच्या तंट्यात मूळ मुद्दा हाच होता, यावरून त्याचे वजन ध्यानी यावे.

पण तत्त्व वाचून कळते त्याहून ते माणसाच्या जीवनात पाहून अधिक कळते, आणि त्यासाठी आपणांस दूर जाण्याचे कारण नाही. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात राहिल्या. त्या भगिनींनी लंडनमधील फुलहॅम भागात, समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी एक घर चालविले होते. रमाबाईंनी ते पाहिले. शास्त्रे मुखोद्गत असलेल्या या विदुषीस अशा स्त्रियांविषयी एवढी माया कोठेही दिसली नव्हती. ही माया येते कोठून, असे त्यांनी एका भगिनीस विचारले. उत्तरादाखल त्या भगिनीने त्यांस योहानाच्या शुभवर्तमानातील, विहिरीपाशी ख्रिस्ताला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. पुढे आपल्या आत्मनिवेदनात रमाबाईंनी हा प्रसंग आवर्जून नमूद केला आहे. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्यांच्या धर्मांतरावर महाराष्ट्रात केवढे वादळ उठले हे सर्वांस ठाऊक आहे. तो वाद येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. आम्हांस मोलाचे वाटते ते पुढचे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो निराधार मुली आणि विधवा आणल्या व पुणे जिल्ह्यात केडगाव येथे त्यांस आसरा दिला. त्या संस्थेचे नाव मुक्ती. तिच्याच आवारात फसविल्या गेलेल्या, टाकलेल्या स्त्रियांसाठी जे घर उभे राहिले, त्याचे नाव कृपासदन. दोन्ही शब्द आपल्या संतवाङ्मयातले. दाराशी आलेल्या बाईकडून चारित्र्याचा दाखला न मागता तिला जेवू घालणे, हा त्यांनी कृपेचा काढलेला अर्थ. आपल्या जुन्या हैदराबाद संस्थानाशीही त्यांचा संबंध आला. गुलबर्ग्यास त्यांनी शाळा काढली आणि त्यांच्या कन्या मनोरमाबाईंनी तिची जबाबदारी वाहिली.

‘कृपा’, ‘तारण’, ‘मुक्ती’ हे शब्द मराठी ख्रिस्ती वाङ्मयात परके वाटत नाहीत, याचे श्रेय एका मोठ्या परंपरेस आहे. इंग्लंडात जन्मलेले जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले आणि त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. एकनाथमहाराजांनी पैठणास देह ठेवून तेव्हा पुरती दोन दशकेही लोटली नव्हती. त्यांच्याच ओवीछंदात एक परदेशस्थ पुरुष बेथलेहेमची कथा सांगत होता. तीन शतकांनंतर रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंगाचा मार्ग धरला. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले टिळक आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले, ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेऊन पुरे केले. आपल्या अपात्रतेची प्रांजळ कबुली आणि तरीही विठ्ठल टाकणार नाही हा विश्वास, हे ज्या भूमीत आधीच रुजले होते, तेथे या कवींना नवी भाषा घडवावी लागली नाही. भेद अर्थातच आहेत. कर्म आणि पुनर्जन्म यांचा विचार ख्रिस्ती श्रद्धेत नाही. आणि तारणासाठी एका ऐतिहासिक पुरुषाच्या मरणाकडे बोट दाखविणे आपल्या भक्तिमार्गात नाही. भेद पुसून जवळीक होत नसते. ते ओळखून मात्र होते.

या विचाराची परीक्षा शेवटी एकाच ठिकाणी होते. ज्याने आशाच सोडली त्याच्यासाठी त्यात काही आहे काय? २०१९ च्या एप्रिलमध्ये आपल्या तेलंगणात इंटरमिजिएटचे निकाल लागले, आणि त्यानंतरच्या दिवसांत वीसहून अधिक मुलामुलींनी आपले जीवन संपविले. ती बातमी वाचताना प्रत्येक शिक्षकाच्या मनात काय आले असेल ते सांगावयास नको. आम्ही जो हिशेब शिकवितो तोच आयुष्याचा अखेरचा हिशेब आहे, असे त्या कोवळ्या जिवांनी मानले होते.

चर्चही एके काळी अशा मृतांबाबत कठोर होते. १९१७ च्या कॅथलिक धर्मविधिसंहितेनुसार, जाणूनबुजून आत्मघात करणाऱ्यास ख्रिस्ती दफनविधी नाकारला जाई. १९८३ च्या नव्या संहितेत तो उल्लेख राहिला नाही. १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रसिद्ध केलेल्या धर्मशिक्षणग्रंथात आत्मघात हा गंभीर अपराधच मानला आहे. परंतु तीव्र मनोव्यथा आणि भय यांमुळे त्याचा दोष उणावतो, असेही तेथे म्हटले आहे. अशा व्यक्तींच्या तारणाविषयी निराश होऊ नये, केवळ ईश्वरासच ठाऊक असलेल्या मार्गांनी तो त्यांस पश्चात्तापाची संधी देऊ शकतो, आणि चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करते, अशी त्याची शिकवण आहे. ज्या आईबापांनी आपले मूल असे गमावले, त्यांच्यासाठी या ओळींचे मोल किती असेल, ते त्यांनाच ठाऊक.

मेलेल्यांसाठी दयेचे एवढे मोठे दार उघडणाऱ्या श्रद्धेने जिवंतांसाठी आपल्या घराचे दार तरी उघडे ठेवावयास नको काय? आणि हा प्रश्न केवळ ख्रिस्ती घरांचा नव्हे. हैदराबादेत पिढ्यान् पिढ्या वसलेल्या आपल्या मराठी कुटुंबांत शिक्षणाचा मोठा अभिमान आहे, आणि तो असावाही. परंतु निकालाच्या दिवशी मूल खाली मान घालून उंबऱ्याशी उभे राहते, तेव्हा गुणपत्रिका हातात घेण्यापूर्वी त्यास जवळ घेणारे कोणी घरात हवे. चुकलेल्या मुलाची, परतलेल्या लेकीची, व्यसनातून सुटू पाहणाऱ्या भावाची झडती आधी न घेता त्याच्यासाठी आधी पान वाढावे. विचारपूस मागाहून होईल, आणि ती व्हावीही.

आम्ही शाळेत गुण देतच राहू. तो आमचा धर्मच आहे. मात्र परीक्षेत जो अनुत्तीर्ण झाला तो माणूस म्हणूनही अनुत्तीर्ण, असे आमच्या कोणाही विद्यार्थ्यास वाटू नये, याची चिंता आम्ही शिक्षकांनी शाळेत वाहावी आणि आपण सर्वांनी घरी. ईश्वराच्या दयेचा विश्वास माणसास बहुधा प्रथम दुसऱ्या माणसाच्या दयेतूनच येतो.